गावचा स्टॉपर

माझा त्यांच्यावरचा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. माणूस म्हातारा झाला, गुडघे गेले, म्हणून त्याच्याबद्दल गोड गोडच बोलायचं हे मला जमत नाही. ज्या माणसाने माझ्या उमेदीची सगळी वर्षं मला मैदानाच्या बाहेर उभं केलं, त्याला मी नमस्कार करतो, पण तोंड वाकडं करून करतो.

नंदाखाल गावाच्या बाजूला सगळे त्यांना स्टॉपर म्हणत. फुटबॉलमध्ये गोलकीपरच्या पुढे उभा राहून येणाऱ्याला अडवतो, तो स्टॉपर. बाप्तिस्म्याला काहीतरी चांगलं नाव ठेवलं असणारच, पण ते त्यांची बायकोसुद्धा वापरत नसे. घरी फोन लावला की बाई सांगायच्या, "स्टॉपर वाडीत गेलेत, पानी लावायला." तरुणपणी मुंबईतल्या एका बँकेने त्यांना खेळासाठी नोकरीला घेतलं होतं. पाय थकले तसं बँकेने त्यांना टपाल विभागात बसवलं, आणि त्यांनी गावाची टीम हातात घेतली. खेळाडू, मग कोच, मग मॅनेजर, मग रेघा मारणारा, बूट शिवून आणणारा, सगळं तेच.

अडवणं त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की मैदानाबाहेरही सुटत नसे. लग्नाच्या मांडवात ते नेमके तोंडाशी उभे राहायचे आणि मान पुढे काढून, हात जरा बाजूला पसरून येणाऱ्या प्रत्येकाकडे बघायचे. पाहुण्यांना वाटायचं, आपल्याला आमंत्रण आहे की नाही? केळीच्या बागेतसुद्धा चालायचे ते आडवेच. अख्ख्या आयुष्यात त्यांनी एकही गोल मारला नव्हता, आणि ही गोष्ट ते पदक मिळाल्यासारखी सांगत. "मधल्या रेघेच्या पलीकडे माझं काय काम होतं रे?"

बोलायचे तर त्याहून मजेशीर. घरात त्यांची गावची बोली. पण माझ्यासारख्या बाहेरच्या पोराशी शुद्ध बोलायला हवं असं त्यांना वाटे, आणि शुद्ध मराठी त्यांनी ऐकलेलं फक्त चर्चमध्ये. त्यामुळे मैदानावर आरोळी यायची, "जागृत राहा!" एखादा बॅक चेंडू घेऊन पुढे पळायला लागला, त्याला गोल मारायची हौस आली, की मागून यायचं, "मोहात पडू नको रे!" आम्ही हसून हसून लोळायचो. ते मात्र गंभीर असत. पुढे जाण्याचा मोह हेच जगातलं मुख्य पाप, अशी त्यांची खरोखर समजूत होती.

मी तिथला नव्हे. आमचं कुटुंब रत्नागिरीकडचं, वडील मुंबईत नोकरीला, राहायला माणिकपुरात एका बिल्डिंगमध्ये. कॉलेजातला एक मित्र नंदाखालचा. त्याच्यामागून सायकल मारत मी तिथे पहिल्यांदा गेलो आणि अडकलो. मैदान म्हणजे भाताचं शेत. कापणी झाली की मालक ते गावाला खेळायला द्यायचा, आणि पावसाच्या आधी पुन्हा नांगर लावायचा. म्हणजे मैदान दर वर्षी नव्याने करायचं. स्टॉपरच्या हाताखाली पहिले कित्येक दिवस चेंडू दिसायचाच नाही. आम्ही एका रांगेत वाकून भाताचे सड उपटायचो, ढेकळं फोडायचो, आणि ते मागून सांगत यायचे, "ज्याने सड उपटला नाही, त्याने पडायला घाबरावं." मी माणिकपुरातला फ्लॅटवाला, माझ्या हातांची सालं निघाली. पण नंतर त्या जमिनीवर घसरत जाऊन मी चेंडू काढायला लागलो तेव्हा मला कळलं, ही जमीन मला ठाऊक आहे.

मी चांगला बॅक होतो. फुशारकी नाही, त्या गावातला कुणीही सांगेल. सरावात स्टॉपर मला मध्ये उभं करायचे, स्वतःच्या जागेवर. पण मॅच आली की मी रेघेबाहेर. कारण उन्हाळ्यात आजूबाजूच्या गावांची जी स्पर्धा व्हायची, तिचा नियम होता, गावाबाहेरचा खेळाडू चालणार नाही, आणि तो नियम पूर्वी कधीतरी स्टॉपरनीच कमिटीत भांडून घालून घेतला होता.

जातीधर्माचा प्रश्न असता तर मी कधीच सायकल वळवून घरी गेलो असतो. तसं नव्हतं. एक वर्ष चर्चला नवीन धाकटे फादर आले, तरुण, सेमिनरीत फुटबॉल गाजवलेले. ते बिचारे बूट हातात घेऊन हजर. स्टॉपरनी त्यांना वाकून मान दिला, बसायला खुर्ची आणवली आणि म्हणाले, "फादर, चर्चमधली मिस्सा तुमची, गोलपोस्ट गावाचा. तुमचं गाव पापडीकडे, तिकडे खेळा." फादर मे महिनाभर माझ्या शेजारी त्या खुर्चीवर बसून नखं खात होते. आम्हा दोघांची छान मैत्री झाली.

मॅच संपली, हरो की जिंको, स्टॉपर अकरा जणांना ओळीत उभं करायचे. एकेकाच्या समोर जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, "बरा खेळलास." बस. बरा. याच्यावर त्यांच्याकडे शब्द नव्हता. ज्याने तीन चुका केल्या त्यालाही तेच, आणि ज्याने जीव काढला त्यालाही तेच. मी ओळीच्या शेवटाला पाण्याची कळशी घेऊन उभा असायचो. ते माझ्यापर्यंत यायचे, कळशीतलं पाणी प्यायचे आणि पुढे जायचे. मला त्या दोन शब्दांची इतकी भूक लागली होती की काय सांगू. घरी वडील विचारायचे, काय मिळतं रे तुला तिथे? काय सांगणार? मिळत नव्हतं म्हणून तर जात होतो.

आणखी एक रिवाज सांगायला हवा. समोरची टीम आलीच नाही तर हजर टीमने चेंडू मध्यावर ठेवायचा, चालत जायचं आणि रिकाम्या गोलात मारायचा. तो मारला की रेफरी शिट्टी वाजवून निकाल देणार. एकदा अर्नाळ्याकडची टीम वेळेवर आली नाही. रेफरी म्हणाला, मारा गोल आणि घरी जा. सगळं गाव म्हणालं, मारा. स्टॉपर मध्ये उभे. "रिकाम्या घरात शिरतो तो चोर. पाहुना नव्हे. थांबा." आम्ही थांबलो. त्या टीमची एस.टी. वाटेत बंद पडली होती, ती पोरं घामाघूम होऊन चालत आली. स्टॉपरनी त्यांना पाणी पाजलं, केळी खायला घातली, दम घेऊ दिला, आणि मग त्या पोरांनी आमच्यावर दोन गोल मारले. गावातली माणसं स्टॉपरना काय काय बोलली! ते मात्र ओळीत एकेकापुढे जाऊन खुशीत सांगत होते, बरा खेळलास, बरा खेळलास.

आता त्यांच्या स्लोव्हाकबद्दल सांगतो. स्टॉपर बँकेकडून खेळत होते तेव्हा चेकोस्लोव्हाकियाची एक टीम मुंबईत मैत्रीचा सामना खेळायला आली होती. स्टॉपर राखीव होते, शेवटी थोडा वेळ आत गेले. सामना संपल्यावर आतल्या बोळात त्या टीमचा एक उंच बॅक बाकावर मोजे काढत बसलेला. भाषा दोघांची दोघांना येत नव्हती. त्याने स्टॉपरच्या नडगीवरचे वळ बघितले आणि स्वतःची नडगी पुढे केली. मग दोघांनी बराच वेळ एकमेकांचे वण बघितले. उठताना त्याने आपला डाव्या पायाचा शिनगार्ड, नडगीवर बांधायची ढाल, काढून दिला, स्टॉपरनी आपला दिला. एवढीच ओळख. पण तेव्हापासून तो "माझा स्लोव्हाक" झाला. पेपरात परदेशी निकालांची बारीक टाइपातली पट्टी यायची, त्यात ते त्याला शोधत. त्याचा देश फुटून दोन झाले तेव्हा ते आठवडाभर सुतकात असल्यासारखे होते. "अर्धी टीम एका देशात, अर्धी दुसऱ्यात. आता बॅकलाइन कुठे उभी करायची?" असं त्यांनी मासळी घेऊन आलेल्या बाईला विचारलं होतं.

माणिकपुरात सायबर कॅफे निघाले तेव्हा मी त्यांना एका कॅफेत घेऊन गेलो. म्हटलं, चला अंकल, तुमच्या स्लोव्हाकला शोधू. ते रविवारचा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. बऱ्याच खटपटीनंतर एका पानावर तो सापडला, फोटोही होता. डोक्यावरचे केस गेलेले. स्टॉपरनी स्क्रीनच्या जवळ तोंड नेलं आणि म्हणाले, "म्हातारा झाला की रे." मग मी वाचून सांगायला लागलो. खेळ संपल्यावर तोही मॅनेजर झाला होता. आधी आपल्या गावच्या क्लबचा, मग शेजारच्या देशात, मग आणखी लांब, मग कुठल्या तरी बेटावर. प्रत्येक ठिकाणी थोडे थोडे महिने. प्रत्येक ठिकाणापुढे तेच लिहिलेलं, हटवला, हटवला, हटवला.

"सगळीकडून काढला?" त्यांनी विचारलं.

"हो ना. एक हंगामसुद्धा धड ठेवत नाहीत."

बाहेर येऊन ते रिक्षा स्टँडपाशी थांबले. मग म्हणाले, "घर सोडून फिरला. दुसऱ्यांच्या गोलपोस्टची राखन करायला गेला. कोन ठेवनार?" त्यांना त्यात आपल्या नियमाचा पुरावा दिसला. आणि मला, देवाशपथ, नेमकं उलटं दिसलं.

ते उलटं मी त्यांना तोंडावर सांगितलं, सेमीफायनलच्या दिवशी. तोपर्यंत गावची पोरं पांगायला लागली होती. कुणी मस्कतला, कुणी बोटीवर, कुणी लग्न करून कॅनडाला. त्या दिवशी आमचा मधला बॅक आलाच नाही. आदल्या रात्री त्याचा व्हिसा आला आणि तो बॅग भरायला बसला. आमचे दहाच राहिले. मी काही न विचारता बूट घातले, नाडी बांधली आणि रेघेपाशी जाऊन उभा राहिलो. दहाच्या दहा पोरं म्हणाली, याला घ्या. समोरच्या टीमचा कॅप्टनसुद्धा म्हणाला, आमची हरकत नाही, घ्या त्याला.

"नाय," स्टॉपर म्हणाले.

माझं डोकं फिरलं. सगळ्यांच्या देखत मी ओरडलो, "तुमचा स्लोव्हाक परक्या देशात मॅनेजर चालतो, आणि मी माणिकपूरचा इथे चालत नाही? सड उपटायला चालतो, पाणी भरायला चालतो! त्याला निदान बेटावरच्या लोकांनी तरी आत घेतलं!"

त्यांनी मला ओरडू दिलं. मग जवळ येऊन हळू बोलले, गावच्या बोलण्यात, चर्चमधलं मराठी सोडून. "घेतलं. आनि हरला तवा काढलं. तू हरलास तर सायकलवर बसशील नि घरी जाशील. ही पोरं कुठं जातील? हरली तरी संध्याकाळी इथंच ओसरीवर बसतील, चार मानसं बोलतील, ती ऐकतील. हरल्यावर जो इथंच राहनार, तोच खेळनार. माझा नियम एवढाच."

याला उत्तर मला आजही नीट सुचत नाही, म्हणून तर राग जात नाही. त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, तो स्लोव्हाकचा शिनगार्ड डाव्या पायाला बांधला आणि अकरावे म्हणून स्वतः आत गेले. पन्नाशी उलटलेला माणूस! अर्धा वेळ त्यांनी कुणाला पुढे जाऊ दिलं नाही. मग त्यांचा गुडघा फिरला, ते पडले, आणि त्यांच्या अंगावरून एक पोरगा चेंडू घेऊन गेला. गोल झाला. आम्ही हरलो. दोघांनी त्यांना धरून उभं केलं, तसेच एका पायावर उड्या मारत ते ओळीतल्या दहा जणांपुढून गेले. बरा खेळलास, बरा खेळलास. मी कळशी तिथेच ठेवली आणि सायकलवर बसलो. हरल्यावर मी घरी गेलो, म्हणजे त्यांचं म्हणणं मीच खरं केलं. पुन्हा गेलो नाही.

मग वर्षं गेली, काय सांगायचं त्यात. नोकरी लागली, लग्न झालं, तिथेच जवळ एव्हरशाईन सिटीत फ्लॅट घेतला. पोट सुटलं. नंदाखालचा मित्रही दोह्याला गेला. तिकडची खबर कधीतरी बाजारात कळायची, टीम यंदा नाही, यंदाही नाही.

एका एप्रिलमध्ये रविवारी सकाळी बेल वाजली. दार उघडलं तर दारात स्टॉपर, हात जरा बाजूला पसरून उभे. लिफ्ट बंद होती. त्या गुडघ्यावर ते चौथा मजला चढून आले होते, आणि बोलायला दम नव्हता. बायकोने पाणी दिलं. ते प्यायले आणि पहिलं काय विचारलं असेल? "तो कॉम्प्युटर आहे का रे घरी? माझा स्लोव्हाक कुठाय बघ."

मी बघितलं. शेवटच्या क्लबपुढे साल होतं, मग हटवला, आणि त्याखाली पान कोरं.

"त्याच्या खाली काय?"

"काही नाही, अंकल."

"म्हंजे घरी बसलाय." त्यांनी मान हलवली. रिकामा पेला खाली ठेवून म्हणाले, "स्पर्धा आहे यंदा. कमिटीने तो गावाबाहेरच्याचा नियम काढून टाकला. कुनाचीच टीम होत नव्हती. मीच हात वर केला." आणि माझ्याकडे न बघता ते पुढे म्हणाले, "राहनारे म्हनत होतो ना मी, ते सगळे गेले. तू राहिलास. रविवारी येशील?"

किती वर्षं मी या प्रश्नाची वाट बघितली होती! आणि तो आला तेव्हा मला पळताना धाप लागत होती. वाटलं, सांगावं, अंकल, आता कशाला, आता माझं काय राहिलंय? तोंडातून निघालं, "येतो."

गेलो. टीम म्हणजे काय ती! गावातले चाळिशी ओलांडलेले चौघे, त्यांच्या भाडेकरूंची पोरं, नव्या इमारतीच्या कामावरचे दोघे बिहारी, शाळेचा शिपाई आणि मी. पण अकरा होते. सड एकट्या स्टॉपरनी उपटले होते, कोपऱ्यात राहिले होते थोडे. त्यांनी मला मध्ये उभं केलं, आपल्या जागेवर. मग खाली बसून, गुडघा नीट वाकत नसताना, माझ्या डाव्या पायाला तो शिनगार्ड स्वतः बांधला.

समोरची टीम आली नाही. वेळ झाली, वेळ टळून गेली. रेफरी म्हणजे शाळेतले पी.टी.चे सर, त्यांनी मोबाइल लावला. तिकडून कुणीतरी सांगितलं, सहाच जण जमलेत, तेही आता लग्नाला निघाले, येत नाही. सरांनी चेंडू मध्यावर ठेवला. "चला, मारा गोल. पुढच्या फेरीत गेलात."

"येतील," स्टॉपर म्हणाले.

"अहो, नाही येत म्हणाले ते. मी बोललो ना आत्ता."

"एस.टी. बंद पडली असेल. थांबू."

सर वैतागले. गोल मारला नाही तर रिवाजाप्रमाणे दोन्ही टीम बाद, हे त्यांनी दोनदा समजावून सांगितलं. स्टॉपर रेघेपाशी हाताची घडी घालून उभे. आम्ही अकरा जण आपापल्या जागेवर, आणि समोर कुणी नाही. मोकळं शेत, पलीकडे माड, मधून रस्ता. त्या रस्त्याने एक दूधवाला गेला, मग एक टेम्पो. बिहारी पोरं हसायला लागली, मग तीही गप्प झाली. ऊन कललं. आणि त्या शांततेत आरोळी आली, "जागृत राहा!"

माझा जीव तुटला. हा माणूस वेडा झालाय, असं वाटलं, आणि आपण त्याला एवढं तरी द्यावं, पुढची फेरी तरी, म्हणून मी चेंडूकडे निघालो. दोन पावलं गेलो असेन.

"मोहात पडू नको रे!"

मी वळून बघितलं. ते वेडेबिडे अजिबात झालेले नव्हते. कुणी येणार नाही हे त्यांना माझ्याइतकंच स्वच्छ कळत होतं. मी मागे गेलो आणि जागेवर उभा राहिलो.

सरांनी शेवटी शिट्टी वाजवली, दोन्ही टीम बाद म्हणून सांगितलं आणि स्कूटर चालू करून निघून गेले. स्टॉपरनी आम्हाला ओळीत उभं केलं. बिहारी पोरांना कळेना हे काय चाललंय. एकेकापुढे थांबत, पाय ओढत ते येत होते. मी यंदाही शेवटाला होतो, पण हातात कळशी नव्हती.

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बरा खेळलास," ते म्हणाले.

त्या माणसाकडून मला आयुष्यात एवढंच ऐकायचं होतं. आणि मी चेंडूला पायसुद्धा लावला नव्हता.